दप्तर आणि वाचक : कुंभकोणम, तंजावर व पुणे येथील अभिलेखांच्या निमित्ताने

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत दप्तराचा उल्लेख येतो, पण तो बहुधा प्रास्ताविकात येतो. बखरीला आपण वाङ्मयात प्रवेश दिला. काही ऐतिहासिक पत्रांनाही त्यांच्या शैलीच्या जोरावर तो मिळाला. रोजकीर्द, ताळेबंद, नेमणुकांच्या याद्या, निवाडपत्रे, महजर, कैफियती, हुकूमनामे हे सारे मात्र इतिहाससंशोधकाच्या स्वाधीन करून समीक्षक मोकळा झाला. या वाटणीमागे एक गृहीत आहे. दप्तर माहिती देते आणि वाङ्मय अर्थ देते. म्हणून दप्तर नीट जपले, त्याची सूची केली की त्याच्याविषयीचे कर्तव्य संपले, असे ते गृहीत आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हे गृहीत तपासून पाहण्याचा आहे. त्यासाठी निवडलेला प्रदेश मराठी वाचकाला काहीसा दूरचा वाटेल. तो कावेरीच्या खोऱ्यात, स्वामीमलै आणि कुंभकोणमपासून तंजावरपर्यंत पसरलेला सुमारे चाळीस किलोमीटरचा पट्टा होय.

या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. एका महाविद्यालयाच्या आश्रयाने ताडपत्रांवरील प्राचीन तमिळ ग्रंथांना वाचक मिळाला आणि त्यातून एका भाषेचा वाङ्मयेतिहास नव्याने लिहावा लागला. त्याच काळात, त्याच जिल्ह्यात, मोडी लिपीतील मराठी कागदांचा फार मोठा संग्रह वाचकाविना पडून राहिला. दोन्ही ठिकाणी साहित्य टिकले होते. एके ठिकाणी त्याला वाचणारा घडला, दुसऱ्या ठिकाणी घडला नाही. हा फरक का पडला, आणि समीक्षेने त्यातून काय शिकावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

कालक्रम प्रथम ध्यानात घेऊ. कुंभकोणमला कावेरीच्या काठी सरकारी शाळा निघाली ती १८५४ मध्ये. १८६७ मध्ये तिचे महाविद्यालय झाले आणि पुढे दक्षिणेचे केंब्रिज अशी तिची ख्याती पसरली. शाळा निघाल्यावर एका वर्षाने, १८५५ च्या ऑक्टोबरात, तंजावरचे दुसरे शिवाजीराजे औरस पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्यपद संपल्याचे जाहीर केले आणि राजवाड्यातील मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही कृती सार्वभौम सत्तेची असल्याने न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. व्यंकोजींपासून पावणेदोनशे वर्षे चाललेल्या राज्याचे कागद या निर्णयाने केवळ कागद उरले. त्यांतील नेमणुका आणि सनदा यांच्यामागे उभी राहणारी सत्ता राहिली नाही.

वस्तुतः हा बदल बराच आधी सुरू झाला होता. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या परिसरापलीकडे राज्य असे उरलेच नव्हते. राज्याचे दप्तर तेव्हाच घराचे दप्तर होऊ लागले होते. राजवाडा, छत्रे, देवस्थाने, ग्रंथालय, धन्वंतरी महाल आणि नवविद्याकलानिधी शाळा एवढ्यांचा कारभार त्याच्याकडे राहिला. याच राजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणीसांनी सिद्ध केलेला भोसले कुळाचा विस्तृत वृत्तांत १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात देवनागरी अक्षरांत कोरला गेला. तहानंतर अवघ्या चार वर्षांनी हे घडले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जे मोडीत, बस्त्यात, कारकुनांच्या हाती असायचे ते येथे बालबोधीत, दगडावर आणि सर्वांच्या नजरेसमोर आले. कारभाराची सत्ता गेल्यावर चिटणिसाने आपली लेखणी कुळाच्या स्मृतीकडे वळवली. दप्तर आणि वाङ्मय यांच्यामधली रेषा तंजावरला किती सरकती होती, याचे हे ठळक उदाहरण आहे.

राज्य बुडाल्यावर तंजावरी मराठी समाजाने काय केले? त्याने नव्या शिक्षणाची वाट धरली. टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे आप्त रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण होते. कुंभकोणमच्या महाविद्यालयाची घडी बसवणाऱ्यांत विल्यम पोर्टर यांच्याबरोबर टी. गोपाळरावांचे नाव घ्यावे लागते. या मंडळींच्या घरात मराठी होती, बाजारात तमिळ होती, कचेरीत इंग्रजी होती. मोडी वाचण्याचे प्रयोजन त्यांच्या आयुष्यातून हळूहळू गेले. त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. लिपी उपयोगावर जगते, आणि ज्या सत्तेला मोडीचा उपयोग होता ती सत्ताच उरली नव्हती. तरीही एका भाषेचे इतके बुद्धिमान वारस असताना तिच्या कागदांना त्यांच्यातून वाचक मिळू नये, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने नोंदलीच पाहिजे.

३

आता दुसरी बाजू पाहू. राज्य संपले त्याच १८५५ सालात, फेब्रुवारीत, उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म कुंभकोणमच्या परिसरात झाला. स्वामिनाथ हे नाव स्वामीमलैच्या देवाचे. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याजवळ त्यांनी जुन्या पद्धतीने तमिळ विद्या घेतली. १८८० मध्ये कुंभकोणमच्या महाविद्यालयातील तमिळ पंडित त्यागराज चेट्टियार निवृत्त झाले. आपल्या जागी स्वामिनाथ अय्यरांना घ्यावे असा त्यांचा आग्रह होता, आणि गोपाळरावांच्या कारकिर्दीत ती नेमणूक झाली. तमिळच्या पुनरुज्जीवनाच्या इतिहासात एका मराठी आडाच्या माणसाचा हा हात आहे. आपल्याकडे त्याची फारशी आठवण ठेवली जात नाही.

त्याच वर्षी कुंभकोणमला मुन्सफ म्हणून आलेल्या सेलमच्या रामस्वामी मुदलियारांनी या तरुण पंडिताला त्याचे वाचन विचारले. अय्यरांनी अंतादी, पिळ्ळैत्तमिळ, कोवै अशा उत्तरकालीन प्रकारांची लांबलचक यादी सांगितली. मुदलियारांना तिचे काहीच वाटले नाही. प्राचीन ग्रंथ वाचले आहेत काय, अशी त्यांनी पृच्छा केली आणि ‘जीवक चिंतामणी’ची हस्तलिखित प्रत पुढे ठेवली. परंपरेने पूर्ण विद्वान ठरलेल्या माणसाला तो ग्रंथ उलगडेना. या अडचणीतून पुढची साठ वर्षे निघाली. ‘चिंतामणी’ १८८७ मध्ये छापून आले. ‘पत्तुप्पाट्टु’ १८८९ मध्ये, ‘शिलप्पदिकारम’ १८९२ मध्ये, ‘मणिमेकलै’ १८९८ मध्ये. हे चारही ग्रंथ कुंभकोणमच्या नोकरीत असताना सिद्ध झाले. १९०३ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गेले.

या कामाचे मोल केवळ शोधाचे नाही. ताडपत्रे कोठे ना कोठे होतीच. मठांत, घरांत, पेटाऱ्यांत होती. प्रश्न वाचण्याचा होता. ताडपत्रावरील तमिळ लेखनात स्वररहित व्यंजनावरचा बिंदू देत नसत. ऱ्हस्व आणि दीर्घ एकार-ओकार एकाच रीतीने लिहीत. काना आणि रकार यांची आकृती सारखीच असे. पद्य कोठे संपते आणि टीका कोठे सुरू होते, हे पानावरून कळत नसे. टीकाकार ज्या ग्रंथांतून उतारे देतो त्यांची नावेही तो सांगत नसे. अशा पानावरून पाठ ठरवायचा तर छंद, व्याकरण, अन्य प्रती आणि इतर ग्रंथांतील साक्ष हे सारे एकाच वेळी मनात जागे असावे लागते. पाठभेद नोंदवणे, उताऱ्यांचे मूळ शोधणे, शब्दसूची करणे, कथासार देणे ही पद्धत अय्यरांनी या गरजेतून घडवली.

त्याहून महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. ‘चिंतामणी’ हे जैन काव्य. त्यातील धर्मविषयक संज्ञा शैव पंडिताला अपरिचित होत्या. अय्यर कुंभकोणमातल्याच जैन कुटुंबांकडे गेले. तेथे त्या काव्याचे पठण जिवंत होते, त्याचा अर्थ सांगणारी माणसे होती. हस्तलिखितातील जे अक्षर पंडिताला अडत होते ते एका गल्लीतल्या घरात नित्याच्या व्यवहारातले होते. म्हणजे प्राचीन ग्रंथाचा वाचक घडण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या. महाविद्यालयाने उपजीविका आणि शिष्यांची संगत दिली, पंडिताजवळ लिपीचे व छंदाचे ज्ञान होते, आणि भोवतालच्या समाजाच्या मुखात त्या ग्रंथाची भाषा होती. यांपैकी एकही नसती तर बाकीच्या दोन्ही अपुऱ्या पडल्या असत्या.

४

याच तीन कसोट्या तंजावरच्या मोडी कागदांना लावून पाहू. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सार्वजनिक झाले. त्याआधी १८८० मध्येच ए. सी. बर्नेल यांनी तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध केली होती, आणि तीमुळे युरोपच्या पंडितांना तंजावर ठाऊक झाले. मराठी हस्तलिखिते तेथे तीन हजारांवर आहेत. १३४२ गठ्ठे राजदप्तराचे आहेत. हस्तलिखितांमध्ये रामदासी आणि दत्त संप्रदायांच्या मठांतून आलेली संतरचना आहे, शहाजीराजांच्या काळापासूनची नाटके आहेत. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगाच्या दीडशे वर्षे आधीचे ठरत असल्याने मराठी नाटकाच्या प्रारंभाची चर्चा त्याच्यापाशी येऊन थांबते. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी या पाच भाषांना एका रंगमंचावर आणणारा ‘पंचभाषाविलास’ आणि जगाचा भूगोल कोरवंजीच्या रूपात सांगणारी सरफोजींची ‘देवेंद्र कोरवंजी’ या रचनांचाही अभ्यासकांनी परामर्श घेतला आहे. दप्तराच्या गठ्ठ्यांना असा परामर्श लाभलेला नाही. दक्षिणेतील मराठी या प्रकरणात नाटके येतात, संतकवी येतात आणि प्रकरण आटोपते.

हे गठ्ठे वाचायला बसणाऱ्यापुढची अडचण ताडपत्राच्या वाचकासारखीच असते. मोडीत शिरोरेषा आधी ओढतात आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे खाली गुंफत जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो. ‘सुत’ आणि ‘सूत’ किंवा ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचे लेखन एकच होते. वंशावळीच्या कागदात ते अक्षर पुत्राचा अर्थ देते, कोठीच्या हिशेबात धाग्याचा. नावे, पदव्या, महिने, तिथी हे सारे संक्षेपाने दिलेले असते. अरबी सालाचे अंक अरबी शब्दांत असतात. अशा लेखनाचे लिप्यंतर ही यांत्रिक क्रिया असू शकत नाही. वाक्य कोठे संपले हे ठरवताना वाचक त्याचा अर्थ ठरवत असतो. काव्यपाठ निश्चित करताना जो विवेक लागतो तोच येथे लागतो. दप्तर माहिती देते आणि वाङ्मय अर्थ देते, ही वाटणी लिपीच्या पहिल्याच ओळीवर ढासळते.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. वाचायला कठीण असणे हा काही वाङ्मयीन गुण नव्हे. धान्याच्या कोठीचा हिशेब कितीही कष्टाने वाचला तरी तो हिशेबच राहणार. आक्षेप मान्य करून असे म्हणता येईल की, दप्तरातील प्रत्येक कागद वाङ्मय आहे असा दावा येथे केलेला नाही. दावा एवढाच आहे की मराठी गद्याची जडणघडण ज्या ठिकाणी झाली ते ठिकाण दप्तर आहे, आणि गद्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाही. जमा, खर्च, बाकी, पैकी, बितपशील या क्रमाने एखादी गोष्ट मांडण्याची सवय हीही एक रचनापद्धती आहे. मुख्य रक्कम आधी, तिचे पोटभाग नंतर, शेवटी शिल्लक, या मांडणीने विचारालाच एक वळण लागते. निवाडपत्रात वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, साक्षी आणि निर्णय असा जो क्रम येतो त्यात कथनाचे सगळे प्रश्न असतात. कोण बोलतो, त्याचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे की सारांशाने, लेखकाने आपला कल कोठे दाखवायचा, हे कारकुनालाही ठरवावे लागत होते. कादंबरीच्या निवेदनाची चर्चा करणाऱ्या समीक्षेला हे प्रश्न परके वाटू नयेत.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सरफोजीराजांनी १८०१ च्या जानेवारीत तंजावरच्या रेसिडेंटला छत्रांविषयी लिहिलेले पत्र अभ्यासकांना परिचित आहे. काशीरामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना ही छत्रे अन्न देत. कंपनीने त्यांच्या उत्पन्नाला हात लावू नये, ही त्या पत्राची मागणी. परंतु मागणी मांडण्यासाठी राजे छत्रात काय काय चालते ते क्रमाने सांगत जातात. येणाऱ्या सर्व जातिपंथांच्या लोकांना मिळणारे अन्न, आजाऱ्यांसाठी वैद्य, प्रसूत होणाऱ्या स्त्रियांची व्यवस्था, पोरक्या मुलांचे पालन आणि शिक्षण, मृतांचे अंत्यसंस्कार अशी ही मालिका आहे. एका माणसाच्या वाटेवरच्या सगळ्या आपत्ती, जन्मापासून मरणापर्यंत, त्या तपशिलात येऊन जातात. भावनेला आवाहन करणारे विशेषण न वापरता केवळ तपशिलाच्या क्रमाने करुणा उत्पन्न करण्याची ही रीत दप्तराची रीत आहे. खर्चाच्या बाबी मोजण्याची सवय असलेल्या दरबाराला ती साधली, असे म्हणायला जागा आहे. हे पत्र आपल्या हाती प्रामुख्याने इंग्रजी रूपात येते, ही यातली उणीव. त्याच्या मराठी गद्याची परीक्षा करावी तर त्या काळच्या छत्रांसंबंधीच्या मोडी कागदांकडे वळावे लागेल.

दुसरे उदाहरण यात्रेचे. सरफोजीराजे १८२० नंतर मोठ्या परिवारासह काशीयात्रेस गेले. त्या यात्रेवर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ ही मराठी रचना झाली. लावणीत मुक्काम, नद्या आणि देवळे येतात ती गायनाच्या लयीत. यात्रेसंबंधीचे दप्तरी कागद तिच्या शेजारी ठेवून वाचले तर एकाच प्रवासाची दोन निवेदने आपल्यासमोर येतील. कवीने काय गाळले आणि कारकुनाने काय गाळले, याची तुलना हा समीक्षेचाच प्रांत आहे. इतिहासकार दोन्हींतून तथ्य काढून घेईल. दोन्हींची भाषा मात्र तो मागे ठेवील.

५

महाराष्ट्रात परिस्थिती निराळी होती का? येथेही महाविद्यालय आणि दप्तर एकत्र आल्याचे एक चांगले उदाहरण आहे. १८२१ च्या पाठशाळेपर्यंत ज्याचे मूळ जाते ते पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले आणि १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. त्याच सुमारास द. ब. पारसनीसांनी साताऱ्यास उभारलेल्या ऐतिहासिक संग्रहालयातील साहित्य तेथे आले. नाना फडणिसांचे मेणवली दप्तर त्यातच होते. या कागदांच्या सान्निध्यात त्र्यं. शं. शेजवलकरांसारखा अभ्यासक बसला. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पानिपतवरचा ग्रंथ त्या संस्थेचेच प्रकाशन आहे. दप्तराला महाविद्यालयात वाचक मिळाल्यावर काय घडते, ते येथे दिसते.

मात्र हा वाचक इतिहासाचा होता. भाषेच्या अंगाने दप्तराकडे पाहण्याची वाट वि. का. राजवाड्यांनी त्याआधीच दाखवली होती. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला आणि पुढे एकंदर बावीस खंड सिद्ध केले. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी संपादताना आणि पत्रांचे पाठ लावताना त्यांची दृष्टी एकच होती. शब्दाचे रूप, प्रत्ययाचा बदल, फारसी शब्दांचे प्रमाण यांतून समाजाची अवस्था वाचता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे पुष्कळ निष्कर्ष आज टिकत नाहीत; पण दप्तर ही भाषेची साक्ष आहे, हा त्यांचा आग्रह टिकण्याजोगा आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने ही परंपरा चालवली. विद्यापीठांतील मराठी विभागांनी ती उचलली नाही. तेथे इतिहास विभागात मोडी आणि मराठी विभागात वाङ्मय अशी व्यवस्था रूढ झाली. मुंबईचे राज्य पुराभिलेखागार दीर्घकाळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत नांदले. त्या इमारतीत मराठी वाङ्मय शिकलेल्या किती पिढ्यांना भिंतीपलीकडच्या कागदांची लिपी वाचता येत होती, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत मोडी शिकवत असत. ती बंद झाल्यावर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तिची उणीव जाणवलीही नाही, कारण त्याच्या पाठ्यपुस्तकात असलेले सगळे आधीच बालबोधीत आलेले होते. जे आले नव्हते ते त्याच्या दृष्टीने नव्हतेच.

६

तंजावरच्या मोडी कागदांना एक वाचक पुढे मिळाला, पण तो तमिळमधून मिळाला. १९८१ मध्ये तंजावरला स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने हा विषय मनावर घेतला. के. एम. वेंकटरामय्या यांचा तंजावरच्या मराठा राजांच्या काळातील राजकारण व समाजजीवन यांवरचा ग्रंथ १९८४ मध्ये आला. १९८९ मध्ये मोडी कागदांचे टिपांसह तमिळ भाषांतर प्रसिद्ध झाले. मराठी राजांचे मराठी कागद आज तमिळ वाचकाला बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहेत, आणि मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला तेवढ्या प्रमाणात नाहीत. या स्थितीबद्दल हळहळ व्यक्त करण्यापेक्षा तिचा अर्थ समजून घेणे योग्य ठरेल. ज्या समाजाने महाविद्यालयात ताडपत्रांचा वाचक घडवला त्याच समाजाने शंभर वर्षांनंतर शेजारच्या भाषेच्या गठ्ठ्यांसाठीही वाचक घडवला. वाचनाची ही सवय त्या प्रदेशात रुजली होती.

भाषांतराने तथ्य पोचते. छत्रात किती तांदूळ लागला, कोणाला किती वेतन होते, नाटकशाळेचा खर्च किती, हे तमिळमधून तितकेच अचूक कळते. पण दप्तराच्या मराठीचे जे अंगभूत वैशिष्ट्य तेच भाषांतरात विरते. फारसी-अरबी संज्ञा, संस्कृत उपाधी आणि तमिळ-तेलुगू ग्रामनामे व वस्तुनामे एका वाक्यात कशी नांदत होती. पुण्याच्या चिटणिशी वळणापासून तंजावरचे वळण कोठे निराळे झाले. कोणता तमिळ शब्द मराठी प्रत्यय घेऊन मराठीच झाला, हे मूळ वाचल्याशिवाय दिसत नाही. तमिळ भाषांतरात तमिळ शब्द घरी परततो आणि तो परक्या घरी पाहुणा होता, याची खूण पुसली जाते. ‘पंचभाषाविलासा’त पाच भाषा रंगमंचावर हेतुतः एकत्र आणलेल्या आहेत, दप्तरात त्या कोणाच्याही हेतूविना, कामाच्या ओघात एकत्र आलेल्या आहेत. बहुभाषिकतेची वाङ्मयीन चर्चा करणाऱ्याला दुसऱ्या प्रकाराचे मोल अधिक वाटले पाहिजे.

येथे तिसरी कसोटी पुन्हा पुढे येते. स्वामिनाथ अय्यरांना जैन घरे होती. मोडीच्या वाचकाला तंजावरी मराठी बोलणारी घरे आहेत. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई आणि त्यांपलीकडे पसरलेल्या या कुटुंबांची बोली पुण्याच्या कानाला विचित्र वाटते, म्हणून तिच्याकडे बिघडलेली मराठी म्हणून पाहण्याची रीत आपल्यात आहे. वस्तुतः सतराव्या-अठराव्या शतकात मूळ प्रवाहापासून दूर झालेल्या आणि तमिळच्या सहवासात तीनशे वर्षे काढलेल्या या बोलीत दप्तरातील एखाद्या अडलेल्या शब्दाचा उलगडा दडलेला असू शकतो. त्या कुटुंबांतील वृद्ध मंडळी मोडी वाचू शकत नसतील, पण कागदावरचा शब्द मोठ्याने उच्चारून दाखवल्यास तो कोणत्या भांड्याचे, कोणत्या विधीचे, कोणत्या नात्याचे नाव आहे हे त्यांना सांगता येण्याचा संभव आहे. लिपी जाणणारा पुण्याचा अभ्यासक आणि बोली जाणणारे तंजावरचे घर यांची भेट कोणत्या तरी महाविद्यालयाने घडवून आणायला हवी. बोली दर पिढीला आक्रसत आहे, म्हणून हे काम पुढे ढकलता येण्यासारखे नाही. कागद आणखी शंभर वर्षे थांबतील. बोलणारे थांबणार नाहीत.

७

कुंभकोणमपासून पाच-सात किलोमीटरवर असलेल्या स्वामीमलैची एक कथा दक्षिणेत सर्वांना ठाऊक आहे. तेथे बाल मुरुगनने आपल्या पित्याला, प्रत्यक्ष शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला, आणि पित्याने तो शिष्याच्या नम्रतेने ऐकला. पुत्र तेथे स्वामिनाथ, म्हणजे स्वामीचाही गुरू, ठरला. दप्तराच्या अभ्यासाशी या कथेचे नाते जोडणे अगदीच अस्थानी होणार नाही. पूर्वजांनी लिहिलेल्या अक्षराचा अर्थ पूर्वज सांगू शकत नाहीत. तो पुढच्या पिढीने सांगायचा असतो, आणि सांगण्याचा अधिकार तिला जन्माने मिळत नाही, अध्ययनाने मिळतो.

त्याच गावी धातुमूर्ती घडवणाऱ्या स्थपतींची वस्ती आहे. मेणाची प्रतिमा करून तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप द्यायचे, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही त्यांची रीत. मूर्तीची प्रमाणे ते नारळीच्या झावळीच्या पातीला घड्या घालून मोजतात. तमिळमध्ये या पातीलाही ओलै म्हणतात आणि ग्रंथ लिहिलेल्या ताडपत्रालाही ओलैच. शिल्पशास्त्राचे ग्रंथ ताडपत्रांवर ग्रंथालयात आहेत. परंतु स्वामीमलैची मूर्ती आजही घडते ती पातीची घडी घालणारा हात तेथे शिल्लक आहे म्हणून. तो हात नसता तर ग्रंथातील प्रमाणे अचूक वाचूनही मूर्ती उभी राहणे कठीण होते.

मोडी दप्तराच्या बाबतीत सूची, सूक्ष्मपट, छायाप्रती हे सारे आवश्यक आहे, आणि ते होत आहे. या साधनांनी कागद टिकतो. त्याला वाचणारा हात मात्र महाविद्यालयातच, गुरूसमोर एकेक अक्षर लावत तयार व्हावा लागतो. मराठी वाङ्मयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीला स्थान द्यावे. तंजावरच्या निवडक कागदांची देवनागरी लिप्यंतर, पाठटिपा आणि तमिळ शब्दांच्या अर्थसूचीसह आवृत्ती सिद्ध करावी. आणि ती सिद्ध करताना तमिळ विद्यापीठात झालेले भाषांतर व तंजावरी कुटुंबांची बोली या दोहोंचे साह्य घ्यावे, या तीन गोष्टी कोणत्याही विभागाच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. गोपाळरावांच्या महाविद्यालयाने एका पंडिताला तेवीस वर्षे वर्गात शिकवू दिले आणि उरलेल्या वेळात ताडपत्रे वाचू दिली. त्या काळी त्यातून काय निघेल हे कोणालाही सांगता आले नसते. मराठी कागदांच्या १३४२ गठ्ठ्यांना तितकीच सवलत आपल्या एखाद्या महाविद्यालयाने द्यावी, एवढीच अपेक्षा येथे करायची आहे.